घराला किती स्टार?

आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी यावा असं सगळ्यात आधी कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीला वाटलं, मग प्राचार्यांना. मला ते कधीच वाटलं नव्हतं. पण मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्या सत्रात माझे तास कमी होते आणि स्टाफरूममध्ये माझं इंग्रजी बरं समजलं जातं, त्यामुळे 'परदेशी विद्यार्थी कक्ष' माझ्या गळ्यात पडला. कक्ष म्हणजे ग्रंथालयामागचं एक लोखंडी कपाट आणि कोरा करकरीत रबरी शिक्का.

कॉलेज लहानसं. हिंगणा रोडला, शहर संपून एमआयडीसीची धूळ सुरू होते तिकडे. पोरं आजूबाजूच्या गावांतून एसटीने, नाहीतर शेअर ऑटोने येतात. इथं युगांडाची मुलगी कशाला येईल, असं मी मनात म्हणत होते. ती आली मामामुळे. नागपुरात अमरावती रोडला सिरकॉटचं, म्हणजे कापूस तंत्रज्ञानावरच्या केंद्रीय संशोधन संस्थेचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं चालवायला, दुरुस्त करायला तिथं शिकवतात, बाहेरच्या देशांतलेही लोक येतात. मामा असाच काही आठवडे राहून गेला होता. त्यांचं गाव उत्तर युगांडातलं लीरा, कापसाच्या मुलखातलं. भाचीला म्हणाला होता, नागपूरला जा, तिथली माणसं कापसावर बोलायला लागली की थांबत नाहीत.

प्रवेशाचा भाग भराभर सांगते, कारण तो खरंच भराभर झाला. जागेची अडचण नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या वर 25 टक्क्यांपर्यंत जादा जागा देता येतात, आणि आमच्या तर मंजूर जागाही भरत नाहीत. युगांडात सात वर्षं प्राथमिक, मग चार, मग दोन असं शिक्षण असतं, म्हणजे आपल्या बारावीपेक्षा एक वर्ष जास्तच. ते बारावीच्या तोडीचं आहे असं भारतीय विद्यापीठ संघाचं पत्र घ्यावं लागलं. कंपालातून विद्यार्थी व्हिसा निघाला. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मात्र मी तीनदा विचारला. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो, आणि तो नसेल तर विमानतळावरच माणसाला वेगळं ठेवतात. लस तिने महिनाभर आधीच घेतली होती. माझीच झोप उडाली होती.

ऑगस्टच्या शेवटी मुंबईला उतरून ती विदर्भ एक्सप्रेसने सकाळी नागपूर स्टेशनवर आली. दोन बॅगा आणि एक प्लास्टिकची बरणी. बरणीत तिळाची आणि शेंगदाण्याची वाटलेली पेस्ट. आमच्याकडे मुलींचं होस्टेल नाही, म्हणून खोली मिळेपर्यंत तिला मी माझ्याच घरी ठेवलं. पाहुणी आली, पोहे केले, गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी माणसांची नोंदणी करणाऱ्या सरकारी पोर्टलच्या सूचना शांतपणे वाचायला बसले आणि हातातला चहा तसाच राहिला. परदेशी माणूस ज्याच्या छताखाली उतरतो त्याने 24 तासांच्या आत सरकारला कळवायचं, त्यासाठी तेव्हा सी फॉर्म होता. हॉटेल असो, होस्टेल असो की कोणाचं घर. म्हणजे कक्षप्रमुख मी, आणि पहिला नियम मोडणारीही मीच. त्याच रात्री फॉर्म भरला, उशीर का झाला याचं दोन ओळींचं पत्र जोडलं. नवरा म्हणाला, "आपण लॉज कधी काढलं?"

पुढचं गणित असं होतं. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा, म्हणून भारतात आल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज गेला पाहिजे. दिवस मोजायचे ते मुंबईच्या शिक्क्यापासून, नागपूरला पोचल्यापासून नाही. अर्जाला लागतो पत्त्याचा पुरावा आणि सी फॉर्म. पत्त्याला लागतं घर. आणि घर मिळेना.

फोनवर सगळे हो म्हणत. "मुलगी आहे ना? मग चालेल." घेऊन गेलं की खोली कालच गेलेली असे. एके ठिकाणी तर दारावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी होती आणि बाई पाटीखाली उभी राहून सांगत होती की खोली नाही. कोणी विचारलं, ही काय काय खाते? कोणी म्हणालं, पोलिसांचं लफडं नको. रंगाबद्दल तोंडाने कोणीच बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. ती ऑटोत बसून सगळं बघत होती. मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी पाचव्या घरापाशी ती खाली उतरलीच नाही.

सहाव्या दिवशी आमच्या शिपाईदादांनी त्रिमूर्ती नगरातल्या एका काकूंचं नाव काढलं. काकू एकट्या, मुलगा पुण्याला, वरची खोली रिकामी. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "पोट्टी रात्री उशिरा येईल का?" मी म्हटलं, लॅब असली तर सात वाजतील. "मंग ठीक आहे. सात म्हणजे काही रात्र नाही होत."

खोली मिळाली. आता काकूंना सरकारदरबारी घरमालक म्हणून नोंदवायचं होतं. त्यांचा मोबाईल, माझा लॅपटॉप, विजेचं बिल, आणि मध्ये मुरमुऱ्याच्या चिवड्याची प्लेट. नाव, पत्ता, पोलीस ठाणं इथवर छान चाललं. मग निवासाचा प्रकार आणि पुढे त्याची श्रेणी विचारणारा रकाना आला. अर्ज मुळात हॉटेलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. काकूंनी चष्मा वर केला.

"अवो मॅडम, माह्या घराले किती स्टार लिहू?"

मी म्हटलं, 'इतर' असा पर्याय आहे, तो घेऊ.

"इतर काहून? दोन बाथरूम आहेत, कूलर आहे, मागे बोअर आहे."

पाच मिनिटं यावर चर्चा झाली. शेवटी 'इतर'च लिहिलं, पण काकूंना ते पटलं नाही. पासवर्ड त्यांनी स्वतःच ठेवला, मला पाठ फिरवायला लावून. तिचा पासपोर्ट हातात घेऊन फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, व्हिसाचा नंबर एकेक अंक मोठ्याने वाचला. इतक्या काळजीने आमच्या कॉलेजात कोणी कागद पाहिला असता तर पुढचा घोळ झाला नसता.

घोळ नावाचा. आपल्याकडे प्रत्येक फॉर्मात आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. तिच्या पासपोर्टवर दोन नावं. एक चर्चमधलं, एक घरचं. आणि घरचं नाव वडिलांच्या नावाशी जुळत नाही, कारण त्यांच्या लांगो समाजात ते जन्माच्या वेळच्या परिस्थितीवरून ठेवतात. हिच्या नावाचा अर्थ जुळ्यांच्या पाठीवर झालेली. आमच्या बाबूंनी फॉर्मकडे पाहून विचारलं, "मॅडम, बापाचं आडनाव वेगळं कसं?" मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि बोनाफाईडवर सवयीने आधी घरचं नाव, मग चर्चमधलं, मग वडिलांचं असं आपल्या पद्धतीने तिचं बारसं केलं. मी सही केली. न वाचता. नवव्या दिवशी अर्ज चढवला, अकराव्या दिवशी पोर्टलवरून शंका आली की बोनाफाईडवरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे का?

त्या दिवशी गणपतीची सुटी. ऑफिसला कुलूप, लेटरहेड आत. बाबूंच्या घरी आरती चालू असताना मी दारात उभी. आरती संपली, प्रसाद घेतला, ते सोवळ्यातच स्कूटरवर बसले. कॉलेज उघडलं, पासपोर्टवर आहे अक्षर अन् अक्षर तसं नाव टाइप केलं, वडिलांचं नाव खाली वेगळ्या ओळीत. यावेळी मी मोठ्याने वाचलं, त्यांनी मोठ्याने वाचलं, तिने मोठ्याने वाचलं. बाराव्या दिवशी दुरुस्त कागद गेला. पुढच्या आठवड्यात नोंदणीचं प्रमाणपत्र मेलवर आलं. काकूंनी त्याची प्रिंट काढून घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत लावली.

बँकेचं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं त्यामानाने सोपं. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाचं पत्र यावर खातं उघडतं, स्थानिक पत्त्याचा पुरावा द्यायला 30 दिवस मिळतात. तोवर बाहेरून हजार डॉलरपर्यंत पैसे येऊ शकतात आणि महिन्याला पन्नास हजारांपर्यंत काढता येतात. हे मला ठाऊक असतं तर ती पहिले दहा दिवस माझ्याकडून उसने घेऊन तर्री पोहे खात बसली नसती. ज्यांच्या गळ्यात असा कक्ष पडणार आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

एका रविवारी तिला कॉटन मार्केट बघायचं होतं. मामाने नाव सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं तिथं कापूस नसतो, भाजी असते. तिला ते खरं वाटेना. गेलो. फ्लॉवरच्या ढिगांमधून चालता चालता ती एकदम थांबली आणि वाकून एक जुडी उचलली. लालसर देठ, पंज्यासारखी पानं. अंबाडी. पान तोडून तिने चावलं आणि "मलाक्वांग" म्हणाली. तिच्याकडे अंबाडीच्याच जातकुळीतला हा आंबट पाला शेंगदाण्या-तिळाच्या पेस्टमध्ये शिजवतात. त्या संध्याकाळी बरणी उघडली. काकूंनी शेजारी आपली अंबाडी केली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. दोन्ही भाज्या मी खाल्ल्या. खरं सांगू? तिची जास्त चांगली होती. काकूंना हे सांगितलेलं नाही.

आता एका प्रोजेक्टबद्दल. कॉलेजला 'जागतिक विकास' असं काहीतरी करायचं होतं. प्राचार्यांनी बॅनरही छापून घेतला: आफ्रिकेतील ग्रामीण महिलांसाठी धिंगरी अळिंबी लागवड तंत्रज्ञान. आम्ही शिकवणार, ती तिकडे नेणार, असा बेत. पहिल्या बैठकीत ती शांतपणे म्हणाली, माझी आई लीराला गेली सहा वर्षं धिंगरी विकते. सरकीच्या टरफलांवर वाढवते. तुम्ही कशावर वाढवता?

स्टाफरूममध्ये पंख्याचा आवाज ऐकू आला. आम्ही वाढवतच नव्हतो. पुस्तकातून शिकवत होतो, गव्हाच्या काडावर.

आपल्याकडे सरकीचं टरफल, ढेप, सगळं जनावरांना जातं, विकत घ्यावं लागतं. मग फुकट काय आहे? जानेवारीत हिंगण्याच्या पुढे एका शेतावर गेलो. तिथं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधाला रचल्या होत्या, पेटवायला. हेक्टरी दोन-तीन टन निघतात, थोड्या चुलीला लागतात, बाकी जाळतात. शेतकरीदादा म्हणाले, "ठेवून काय करू? बोंडअळी त्यातच राहते." तिने मान हलवली. तिच्याकडेही हंगाम संपला की झाडं उपटून नष्ट करायची असतात, कारण तेच. मग दादा आणि ती माझ्यामार्फत बियाण्यावर बोलू लागले. तिच्याकडे बीटी नाही हे ऐकून दादांनी फवारण्या विचारल्या, तिने भाव विचारला, आणि मामाचं म्हणणं खरं ठरलं. दीड तास.

सिरकॉटच्या केंद्रात पऱ्हाटीच्या पेलेट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या कांड्या, करतात, त्यातलं लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन स्वतःच डिंकासारखं धरतं. आम्हाला तसली यंत्रं कुठली परवडायला! आम्ही कडबा कुट्टीवर पऱ्हाटी बोटभर तुकड्यांत कापली, रात्रभर भिजवली, गरम पाण्यातून काढली, निथळवून स्पॉनचे, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याचे थर देत बारा पिशव्या भरल्या. ओलावा ती मुठीत दाबून बघायची: हात ओला व्हावा, थेंब पडू नये. हे माझ्या कुठल्याही प्रात्यक्षिक वहीत नव्हतं. बारापैकी सात पिशव्या छान पांढऱ्या झाल्या. तीन हिरव्या पडल्या, दोन उंदरांनी नेल्या. मार्चमध्ये दुसरी खेप लावायचा मोह आम्हाला आवरला नाही. नागपूरच्या उन्हात कूलर लावून, ओली पोती टांगून दहा दिवस झुंजलो, मग सगळं खतात टाकलं.

बॅनर अजून कपाटामागे गुंडाळून ठेवलाय. मागची बाजू कोरी आहे, कधीतरी वापरू.

काल काकूंचा फोन आला. "मॅडम, पोट्टीचा मामा येऊन राहिला दिवाळीले. दोन दिवस माह्याकडंच राहीन. फॉर्म मी भरायले घेतला आहे, पासपोर्टचा फोटो बोलावून घेतला." मी म्हटलं, वा काकू, मग अडलं कुठे?

"अडलं काही नाही. पण याचं नाव तर पोट्टीच्या मायशी पण जुळत नाही. सख्खा भाऊ आहे ना हा तिचा?"