एकच लॉगिन, एकच कोड

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार. नवरात्राची सातवी माळ. रात्री साडेअकराच्या सुमारास रतन टाटा गेल्याची बातमी मोबाइलवर फिरू लागली आणि मध्यरात्रीच्या आसपास पक्की झाली. राज्य सरकारने १० तारखेचा दुखवटा जाहीर केला. आमची एजन्सी दुकानांची आणि व्यवसायांची सोशल मीडिया खाती सांभाळते. बातमी आली तेव्हा आमच्या शेड्यूलिंग टूलमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पोस्ट टाकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १० तारखेच्या ६३ पोस्ट लावून ठेवलेल्या होत्या. १४ क्लायंट आणि त्यांची मिळून ४१ चॅनल, म्हणजे वेगवेगळ्या माध्यमांवरची खाती. पहिली पोस्ट सकाळी सहाची, एका सराफांची: ‘आजचा रंग गुलाबी’, मागे गरबा खेळणाऱ्या बायका आणि खाली दसऱ्याच्या सोनेखरेदीला घडणावळीत सूट.

नवरात्राच्या नऊ रंगांच्या पोस्ट कुणी रोज बसून टाकत नाही. पंधरा दिवस आधी क्रिएटिव्ह, म्हणजे चित्र आणि मजकूर, मंजूर होतात, एका शीटमधून एकगठ्ठा चढवल्या जातात आणि मग टूल त्या वेळेवर सोडत राहतं. बाहेरच्यांना वाटतं की ब्रँड दुखवट्याच्या दिवशी नाचतोय. प्रत्यक्षात तो निर्णय तीन आठवड्यांपूर्वीचा असतो आणि तो थांबवायला कुणीतरी जागं असावं लागतं.

जागी मी होते, पण टूलमध्ये शिरता येत नव्हतं. आमची योजना एका युजरची होती आणि पाचही जण एकच पासवर्ड वापरत होतो. ऑफिसच्या संगणकांवर लॉगिन कायम उघडं असायचं. घरच्या लॅपटॉपवर टूलने कोड मागितला आणि कोड गेला आमच्या सीनियरच्या मोबाइलवर. ती लातूरला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये झोपलेली. सहा फोन केले, एकही लागला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती या धंद्यात काम करणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते. बाहेरच्या टूलमधून लावलेली पोस्ट बहुतेक वेळा फेसबुककडे गेलेलीच नसते. ती टूलच्या सर्व्हरवर पडून असते आणि वेळ झाली की टूल ती एपीआयमार्फत, म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधल्या जोडणीतून, ढकलतं. त्यामुळे मेटा बिझनेस सूट, म्हणजे फेसबुक-इन्स्टाचं स्वतःचं पोस्ट लावण्याचं टूल, त्याच्या प्लॅनरमध्ये ती दिसत नाही आणि तिथून पुसताही येत नाही. तुम्ही पेजचे अ‍ॅडमिन असा नाहीतर मालक. टूलमध्ये शिरता येत नसेल तर एकच उपाय उरतो: टूलला पोस्ट करण्याची जी परवानगी दिली आहे तीच काढून घ्यायची. मग ठरल्या वेळी टूल दार ठोठावतं आणि परत फिरतं.

ही परवानगी कुठे असते? फेसबुकवर ती पेजच्या नावावर नसते, ज्या माणसाने पेज टूलला जोडलं त्याच्या वैयक्तिक खात्यात, ‘बिझनेस इंटिग्रेशन्स’ या सदरात असते. तो माणूस पासवर्ड बदलतो किंवा पेजवरचा हक्क गमावतो, तेव्हाही जोडणी मरते. लिंक्डइनवरही ती माणसाच्याच खात्यात, ‘परमिटेड सर्व्हिसेस’मध्ये सापडते. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) मात्र ती त्या हँडलच्या, म्हणजे खात्याच्याच, सेटिंगमध्ये ‘कनेक्टेड अ‍ॅप्स’खाली असते, म्हणजे हँडलचा पासवर्ड ज्याच्याकडे तो ती तोडू शकतो. इन्स्टाग्राम फेसबुक पेजमार्फत जोडलं असेल तर पेजची जोडणी गेली की तेही जातं.

सुदैवाने एक जुनी गूगल शीट होती, कुठलं चॅनल कुणी जोडलं याची. ४१ मध्ये १४ फेसबुक, १४ इन्स्टा, ६ लिंक्डइन, ५ एक्स, २ गूगल बिझनेस प्रोफाइल. आठ पेज माझ्या खात्यातून जोडलेली होती. बिझनेस इंटिग्रेशन्समध्ये जाऊन टूल काढलं, आठ पेज आणि त्यांची आठ इन्स्टा खाती एका फटक्यात बंद. लिंक्डइनची सहाही माझ्याच नावावर होती. एक्सची पाच एकेक करून, गूगलची दोन त्यांच्या खात्यांतून. उरलेली सहा पेज सात महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यातून जोडलेली निघाली. तो गेला, पण त्याचा अ‍ॅडमिनहक्क कुणी काढला नव्हता, म्हणून जोडणी बिनबोभाट चालू होती. कुणाचं काही अडत नव्हतं म्हणून कुणी पाहिलं नाही. आमच्या क्षेत्रातला हा सर्रास चालणारा ढिसाळपणा आहे आणि त्याला कामाच्या गडबडीचं कारण पुरत नाही. नोकरी सोडणाऱ्याकडून ऑफिसच्या किल्ल्या त्याच दिवशी परत घेतो, पेजचा हक्क का नाही?

त्याच्या खात्याला हात लावता येत नव्हता, पण त्याला पेजवरून काढता येत होतं. चार पेजवर मला पूर्ण नियंत्रण होतं, तिथून काढला. राहिली दोन, एक साड्यांचं दुकान आणि एक दुचाकीचं शोरूम. तिथे मला फक्त मजकुराचा हक्क, माणसं काढण्याचा हक्क मालकांकडे. रात्री १:४० ला हिशेब असा होता: ३७ चॅनल बंद, ४ उघडी.

साडीवाल्या काकांनी पहाटे ५:२० ला फोन उचलला. ‘पेज अ‍ॅक्सेस’ कुठे असतं, हे फोनवर एकेक बटण सांगत वीस मिनिटांत झालं. शोरूमच्या मालकांचा फोन सात वाजेपर्यंत बंद. ६:३० ला त्यांची रील गेली, ढोलाच्या ठेक्यावर नवी गाडी आणि ‘जल्लोष तर होणारच!’. मी दोन्ही खाती उघडून बसले होते, ६:३४ ला दोन्हीकडून उडवली. त्या चार मिनिटांत कुणीतरी स्क्रीनशॉट घेतला आणि तो मालकांच्या व्यापारी ग्रुपवर पोहोचला. त्यांनी फोनवर जे सुनावलं ते रास्तच होतं.

एक उपाय मला दुपारी सुचला. त्या इन्स्टा खात्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. प्रोफेशनल खातं तात्पुरतं पर्सनल केलं असतं तर रील गेलीच नसती, कारण पर्सनल खात्यावर एपीआयमधून थेट पोस्ट होत नाही. किंमत अशी की तसं केल्यावर जुने इनसाइट्स, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरे आकडे, जातात. फेसबुकची पोस्ट तरीही गेलीच असती.

आणि उलट चूकही झाली. एका खानावळीची उपवासाच्या थाळीची पोस्ट, वेळ आणि दर सांगणारी, तीही या घाऊक तोडफोडीत अडकली. मालक म्हणाले, ‘ताई, उपास काय दुखवट्यात सुटतो का?’ त्यांचं बरोबर होतं. ६३ पैकी थांबवायला हव्यात अशा मी नंतर मोजल्या तर ४१ निघाल्या. बाकीच्या २२ साध्या माहितीच्या होत्या, क्लिनिकच्या वेळा, क्लासच्या बॅचची तारीख. ही निवड करायला टूलच्या आत असावं लागतं. बाहेरून दोर कापला की सगळंच पडतं.

त्यानंतरच्या महिन्यात नवं टूल निवडलं. आधीचं निवडताना आम्ही चॅनल मोजले होते आणि दर पाहिला होता. या वेळी हात मोजले. आम्ही पाच जण. एक बाहेरचा व्हिडिओ एडिटर. क्लायंटकडे मंजुरी देणारे १७, कारण तीन ठिकाणी दोघा भावांची सही लागते. एकूण २३. टीम पाचची आहे असं आम्ही सगळीकडे सांगत होतो, पण पोस्टला २३ हात लागत होते.

टूलचे दर तीन पद्धतींनी लागतात आणि टीमच्या आकाराचा खरा प्रश्न इथेच येतो. बफर चॅनलवर मोजतं; त्याच्या टीम योजनेत माणसं कितीही घ्या, पैसे चॅनलचे. माणसं जास्त आणि पेज कमी, अशा संस्थेला, उदाहरणार्थ एखाद्या शाळेला किंवा नाट्यसंस्थेला, हे परवडतं. स्प्राउट सोशल माणसावर मोजतं. २०२४ मध्ये त्याची सुरुवातीची योजना माणशी महिना १९९ डॉलर होती आणि तीत पाचच प्रोफाइल, म्हणजे चॅनल. प्रोफाइलची मर्यादा नसलेली माणशी २९९. पाच जणांचे १,४९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या ८४ च्या दराने सव्वा लाखाच्या वर, महिन्याला. झोहो सोशल ब्रँडवर मोजतं, एका क्लायंटची सगळी चॅनल मिळून एक ब्रँड. एजन्सीसाठी १० आणि २० ब्रँडच्या योजना आहेत. १४ क्लायंट असलेल्या एजन्सीला हीच पद्धत बसते. हूटसूटची फुकट योजना मार्च २०२३ मध्ये संपली, तरी जुन्या सल्ल्यांमध्ये ती अजून भेटते.

एकटा माणूस एकाच दुकानाचं फेसबुक आणि इन्स्टा पाहत असेल तर त्याने पैसे खर्च करू नयेत. मेटा बिझनेस सूट फुकट आहे, लिंक्डइन आणि यूट्यूब स्टुडिओत शेड्यूलची सोय आतच आहे. दुसरा माणूस आला की मात्र पासवर्ड वाटून घेण्याचा मोह होतो. तिथेच थांबायचं आणि दोन युजरची योजना घ्यायची. वाचवलेले हजार रुपये एका रात्रीत जातात.

चाचणीच्या चौदा दिवसांत टूल विकणारे सुंदर रंगीत कॅलेंडर दाखवतात. ते कुठलंही चांगलंच असतं. आम्ही पहिल्या दिवशी दहा खोट्या पोस्ट लावल्या आणि घरी गेल्यावर मोबाइलवरून त्या थांबवून पाहिल्या. एका टूलमध्ये पॉज चॅनलगणिक होता, म्हणजे ४१ वेळा दाबा. दुसऱ्यात तो फक्त मोठ्या स्क्रीनवर दिसायचा. दोन्ही बाद. मग एका सहकाऱ्याला युजरमधून काढलं आणि त्याने जोडलेल्या चॅनलचं काय होतं ते पाहिलं. पोस्ट फसली तर सूचना कुणाला जाते, हेही तपासलं. ती एकाच ईमेलवर जात असेल आणि तो ईमेल सुट्टीवरच्या माणसाचा असेल, तर सूचना नसल्यातच जमा.

मंजुरीची साखळी लावताना क्लायंटला नवं लॉगिन घ्यायला लावू नका. पन्नाशीचे सराफ पासवर्ड बनवणार नाहीत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ लिहिणार. लिंक उघडून बटण दाबता आलं पाहिजे, एवढंच. आणि मंजुरी वेळेत आली नाही तर पोस्ट जाते की अडते, हे आधी बघून ठेवा. अडणारंच टूल घ्यावं, असं मला वाटतं.

मराठीच्या कसोट्या वेगळ्या आणि त्या कुठल्याही तुलनेत सापडत नाहीत. ‘महालक्ष्मी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. एक्स तो दहा मोजतं, कारण काना, वेलांटी आणि प्रत्येक पायमोड वेगळी धरली जाते. २८० ची मर्यादा असताना टूलचा आकडा आणि एक्सचा आकडा जुळला नाही की पोस्ट ऐन वेळी फसते. एकगठ्ठा चढवायची सीएसव्ही फाइल एक्सेलमधून साध्या पर्यायाने सेव्ह केली तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं किंवा गूगल शीटमधून उतरवायची. क्लायंटच्या डीटीपी ऑपरेटरकडून आलेला श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय टूलमध्ये चिकटवू नका. आणि नवं खातं उघडलं की आधी वेळेचा पट्टा भारताचा आहे का पाहा. तो यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला तर सकाळी सहाची काकड आरती साडेअकराला जाते.

पैसे भरण्यातही एक खड्डा आहे. परदेशी टूलचं बिल डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमामुळे १५,००० रुपयांच्या वरची आपोआप होणारी वजावट दर वेळी ओटीपी मागते. तो चुकला की हप्ता नापास आणि ऐन सणात खातं खालच्या योजनेवर. म्हणून आम्ही वर्षाचे पैसे एकदम भरले, आणि तेही गणपती-दिवाळीच्या आत संपणार नाहीत अशा महिन्यात.

शेवटी ब्रँडवर मोजणारी, २० ब्रँडची योजना घेतली. पाचही जणांना स्वतःचं लॉगिन. एडिटरला फक्त मसुदा लिहिण्याचा हक्क. थांबवण्याचा हक्क तिघांकडे आणि त्या तिघांपैकी दोघं एकाच वेळी रजेवर जात नाहीत. शीटमध्ये ‘जोडणी कुणाच्या खात्यातून’ हा रकाना आता पहिला आहे. प्रत्येक पोस्टला लावतानाच ‘सण’ किंवा ‘माहिती’ असं लेबल लागतं, म्हणजे थांबवायची वेळ आली तर खानावळीची थाळी अडकणार नाही.

मात्र एक प्रश्न आमच्यात अजून सुटलेला नाही. सरकारी दुखवटा असला की सणाच्या पोस्ट थांबवायच्या, एवढं ठरलं. पण गावातला नामांकित डॉक्टर गेला, घाटात बस दरीत कोसळली, अशा वेळी कुणी ठरवायचं? सीनियर म्हणते क्लायंटला विचारावं. मी म्हणते, मध्यरात्री आधी थांबवावं आणि सकाळी विचारावं. मार्चमध्ये आमच्यात यावरून खटका उडाला.

शोरूमच्या मालकांनी त्या मुलाला काढलं, पण आम्हाला पूर्ण नियंत्रण अजून दिलेलं नाही. त्यांचा निर्णय मी समजू शकते. म्हणून त्यांचं पेज आम्ही नव्या टूलला जोडलेलंच नाही. त्यांच्या पोस्ट मी मेटा बिझनेस सूटमध्येच लावते. तिथल्या प्लॅनरमध्ये त्या मालकांनाही दिसतात आणि रात्री बारा वाजता त्यांना स्वतःलाही पुसता येतात. कसं पुसायचं, ते त्यांच्या काउंटरवर बसून त्यांच्याच मोबाइलवर दोनदा करून दाखवलं आहे.