गाडीची नालेसफाई

"तुमचे मिस्टर बघत असतील ना गाडीचं?" हा प्रश्न मी मोजत नाही. आमच्या यांना गाडी उत्तम चालवता येते, पण बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे ते अजून मलाच विचारतात. दुसरा प्रश्न मात्र खरा असतो आणि मे महिना उलटायला लागला की सोसायटीत, बँकेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी ना कोणी तो विचारतंच. माझी गाडी २०१० सालची. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात उघड्यावर, झाडाखाली उभी असते. पंधरा वर्षं भरली तेव्हा पर्यावरण कर भरून, पासिंग करून आणखी पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन घेतलं. तर तो दुसरा प्रश्न असा: "तुम्ही घरच्या घरी तिचं करता तरी काय?"

विचारणाऱ्याला एखादं ऑइल, एखादं पॉलिश, निदान मोबाइलवर बघून करता येईल अशी युक्ती हवी असते. माझं उत्तर ऐकून चेहरा पडतो. मी भोकं साफ करते.

महापालिकेची नालेसफाई चालू असते तेव्हाच माझीही असते. किती टक्के झाली ते मी जाहीर करत नाही, एवढाच फरक.

हे मला सुचलं वगैरे नाही, शिकावं लागलं. गाडी घेतल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. आधी वाटलं छत्री. मग वाटलं यांचे बूट. मग आत असा वास सुटला की सिग्नलला काचा वर करायची सोय राहिली नाही. एका गॅरेजवाल्याने दाराचं रबर बदललं. दुसऱ्याने पुढच्या काचेभोवती सिलिकॉन भरलं. दोन्ही मिळून साडेचार हजार गेले आणि कार्पेट ओलं ते ओलंच.

शेवटी एका रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा यांना टॉर्च देऊन आत बसवलं, डोकं खाली डॅशबोर्डखाली आणि पाय सीटवर. मी बाहेर उभी राहून मगाने पाणी ओतू लागले. आधी दारावर, मग काचेच्या कडेवर, मग वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिच्यावर. तिसऱ्या मगाला आतून हाक आली, "अगं, थांब!" यांच्या कपाळावर धार लागली होती.

त्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळणारं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या बाजूला खाली जातं. गाडीत येणारी ताजी हवाही ब्लोअर तिथूनच ओढतो. माझी गाडी गुलमोहर आणि सोनमोहर यांच्या मधोमध उभी असते. आंब्याचं पान असतं तर जाळीवरच अडलं असतं. गुलमोहराची पानं बारीक, जिऱ्याएवढी, जाळीतून सरळ आत. वायपर काढून, दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवून मी ती जाळी उचलली तेव्हा खाली पालापाचोळ्याची ओली, काळी, सुरेख माती तयार झाली होती. गांडूळ होतं. आणि कोपऱ्यात वीतभर पिंपळाचं रोप. इमारतींच्या भिंतींतून उगवतो तसा माझ्या गाडीतून उगवला होता. भोकं बुजलेली, पन्हळ तुंबलेली, त्यामुळे पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत कार्पेटवर. मिठी नदीचं जे होतं तेच.

तेव्हापासून भोकांची यादी माझ्या डोक्यात पक्की आहे. ती कंपनीनेच ठेवलेली असतात, पण गाडी देताना हार घालतात, पेढे देतात, ही भोकं कोणी दाखवत नाही.

दारांचंच बघा. आपल्याला वाटतं दार पाणी अडवतं. तसं नसतं. काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोटात जातंच, आणि दाराच्या खालच्या कडेला बारीक फटी असतात त्यांतून निथळतं. त्या चिखलाने बुजल्या की दार पाण्याचं पिंप होतं. वळणावर आतून खळखळ ऐकू येते, आणि मग दाराचा खालचा काठ आतून गंजत जातो. मुंबईची हवा खारट, तिला एवढं निमित्त पुरतं. रंगाला फोड आलेला दिसतो तोवर पत्रा आतून गेलेला असतो. मी प्लास्टिकचा केबल टाय आत फिरवते. तार वापरू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू.

एसीची एक नळी गाडीखाली पाणी टाकते. उन्हाळ्यात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली डबकं दिसत नसेल तर आनंद मानू नका, ते पाणी बहुतेक आत साठतंय. कार्पेट ओलं झालं की मी आधी तीनच गोष्टी बघते. फक्त पावसात ओलं होतं का? मग जाळी नाहीतर दार. पाऊस नसतानाही, एसी लावल्यावर होतं का? मग ती नळी. आणि ओल बोटांना चिकट लागली, गोडसर वास आला, तर ते पाणी नसून इंजिन थंड ठेवणारं कुलंट आहे, हीटरची कॉइल गळतेय. तिथे पाण्याचा मग घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही, मेकॅनिककडे जा. (वास घ्या, चव घेऊ नका. विषारी असतं.) माझे साडेचार हजार हे तीन प्रश्न न विचारल्याचे आहेत.

शेजारच्या इमारतीतल्या एकांनी सनरूफची नवी गाडी घेतली. पोरं डोकं बाहेर काढून हात हलवतात, तो वेगळा विषय. सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत नळ्या असतात, छताचं पाणी त्या खांबांतून खाली नेतात. सनरूफ म्हणजे छताला पाडलेलं मोठं भोक आणि ते सांभाळायला दिलेली छोटी भोकं. पहिल्या पावसाआधी कोपऱ्यांत चमचाभर पाणी सोडून ते चाकांपाशी उतरतंय का बघा, एवढंच त्यांना सांगितलं. ते हसले. जुलैत आले.

आता हौशीची गोष्ट. गाडीला काही ना काही लावायची हौस मलाही आहे, नाही म्हणणार नाही. ऑपेरा हाऊसच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांसमोरून जाताना मी साड्यांच्या दुकानापेक्षा जास्त रेंगाळते. पण लावलेल्या बऱ्याच गोष्टी मी नंतर काढल्या, आणि दर वेळी कारण पाणीच. दाराला मोठे स्पीकर बसवले. ज्या पोराने बसवले त्याने दाराच्या पुठ्ठ्यामागचा प्लास्टिकचा कागद टराटरा फाडला. "मॅडम, पॅकिंग आहे, कंपनीवाले काढायला विसरतात." तो कागद दाराच्या पोटातलं पाणी आत येऊ नये म्हणून चिकटवलेला असतो. पुढच्या पावसात मागची सीट ओली. मी जाड प्लास्टिक कापून, ब्युटिलची चिकट पट्टी लावून तो परत चिकटवला. स्पीकर छान वाजतात, ते ठेवलेत.

मग ते बाथटबसारखे शिवलेले मॅट, सेव्हन डी की काय म्हणतात ते. दिसायला झकास. खाली पाणी गेलं की महिनाभर वाळत नाही आणि वरून दिसतही नाही. काढून साधे रबरी घातले, रोज उचलून झटकता येतात. गाडीच्या पोटाला काळं कोटिंग मारून घेतलं तेव्हा तर कहर झाला. गंज लागू नये म्हणून मारलं, आणि मारणाऱ्याने दारांखालच्या पट्टीतली पाणी जायची भोकंही त्या डांबरासारख्या थराखाली गाडून टाकली. गंज लागू नये म्हणून पैसे देऊन गंजाची सोय. मी दोन संध्याकाळी आडवी पडून एकेक भोक टोकरून उघडलं.

(आडवी पडून म्हणजे गाडीच्या कडेने. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधीही जात नाही, तुम्हीही जाऊ नका. तो जॅक फक्त स्टेपनी लावायला असतो.)

रिव्हर्स कॅमेरा मात्र मी स्वतः बसवला आणि त्याचा मला अभिमान आहे. नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन वायरीची टोकं दाबून जोडायची क्रिम्पिंगची पक्कड आणली, लॅमिंग्टन रोडवरून वायर आणि फ्यूज. बसवणारे लोक डिकीला ड्रिल मारतात. मी मारू दिलं नाही. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर ज्या रबरी बुचातून आत जाते त्याच बुचातून कॅमेऱ्याचीही नेली. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. आमच्या चाळीत मीटरकडे जाणाऱ्या वायरीला वायरमन असाच झोळ द्यायचा. लहानपणी मला वाटायचं की त्याने वायर कापताना माप चुकवलं. कॅमेऱ्याची लाइन रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली, मध्ये फ्यूज. इंजिनातून केबिनमध्ये वायर आणायची वेळ आली तरी हेच: आधीपासून असलेलं बूच शोधायचं, नवं भोक पाडायचं नाही.

भाच्याला हे पटत नाही. "मावशी, तुझे लाइट म्हणजे देव्हाऱ्यातली समई." त्याला १००/९० वॉटचे बल्ब घालायचे होते. मूळचे ६०/५५ चे असतात आणि वायर, होल्डर सगळं त्याच बेताचं. रिले (जास्तीचा करंट स्वतःवर घेणारा वेगळा खटका) न लावता मोठे बल्ब घातले की होल्डर वितळतो, आणि समोरून येणारा रिक्षावाला आंधळा होतो तो वेगळाच. मी म्हटलं, आधी काच बघ. दिव्याच्या काचा हल्ली काचेच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात, उन्हाने पिवळ्या पडतात. हजार, दोन हजार, तीन हजार नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, त्याच क्रमाने, एकेका दिव्याला अर्धा तास. टूथपेस्टनेही चमकतात, पण थोडेच दिवस. घासल्यावर ऊन अडवणारा क्लिअर कोट मारला नाही तर सगळी मेहनत वाया. मारला. आता समई ट्यूबलाइट झाली आहे. टायर मात्र त्याला अजून बाहेर डोकावणारे रुंद हवे आहेत. त्याला मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ वाचून दाखवलं, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये त्यावर दिलेला निकाल सांगितला. परवानगीशिवाय केलेल्या एकेका बदलाला पाच हजार दंड असतो म्हटल्यावर जरा थंड झाला.

एक भोक मात्र उघडं असणं धोक्याचं, इंजिन जिथून श्वास घेतं ते. २६ जुलै २००५ ला माझ्याकडे गाडी नव्हती. कुर्ल्याहून विक्रोळीपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. वाटेत लोक बंद पडलेल्या गाड्यांत बसून पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर तीच चावी इंजिन मारते, कारण पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. माझ्या गाडीची नाकपुडी हेडलाइटच्या मागे, त्याच उंचीवर आहे. पाणी चाकाच्या अर्ध्यावर दिसलं की मी वळते, आणि गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावत नाही, ढकलून बाहेर काढते. तुमच्या गाडीची नाकपुडी कुठे आहे ते कोरड्या दिवशी बघून ठेवा.

त्याच वाटेने उंदीर येतात. एकदा एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, वडापावचा कागद आणि चार गुलाबी पिल्लं सापडली. गणपतीचं वाहन माझ्या वाहनात. तंबाखू, डांबरगोळ्या सगळं करून झालं, उंदरांना सवय होते. हवा जाईल पण उंदीर शिरणार नाही एवढ्या छिद्रांची लोखंडी जाळी तोंडाला बसवली तेव्हा थांबले. ती जाळीही पाल्याने भरते, म्हणजे साफ करायची यादी एकाने वाढली.

बाकी टायरची हवा, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी, डिपस्टिक वगैरे सगळे करतात तेवढंच मी करते. पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवते, ब्रेक चिकटत नाहीत. ऑइल मी स्वतः बदलत नाही. बदलता येतं, पण काढलेलं ऑइल टाकायचं कुठे? आमच्या गटारातून ते थेट खाडीत जाईल. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना हात लावत नाही. पैसे वाचतात का, असंही विचारतात. हत्यारांचा हिशेब धरला तर फारसे नाही.

आणि तो पिंपळ. पिंपळ उपटून फेकू नये, असं सासूबाई खिडकीतून ओरडल्या. म्हणून मी तो गाडीतल्याच मातीसकट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लावला आणि ग्रिलमध्ये ठेवला. डब्याला खालून भोक पाडायला विसरले. पावसाळा संपायच्या आत मुळं कुजून गेला.