शेवटचं अक्षर

प्रवाशांच्या यादीत काकूंच्या नावापुढे ‘डब्ल्यूसीएचआर’ हा व्हीलचेअरचा कोड लिहिला होता. म्हणजे लांब चालवत नाही, पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात. शेवटी ‘एस’ असेल तर पायऱ्याही नाहीत, आणि ‘सी’ असेल तर थेट सीटवर नेऊन बसवायचं. इंदूरच्या विमानतळावर मी सहा वर्षं हेच काम करतेय, तरी त्या पहाटे कागदावर विसंबले. रामबागेतल्या काकू काउंटरवर आल्या तेव्हा कळलं, कमरेखाली त्यांची हालचालच नाही. मुलाने नियमाप्रमाणे 48 तास आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. फोन घेणाऱ्याने ‘सी’ऐवजी ‘आर’ टाकला.

पुण्याचं विमान इमारतीपासून लांब उभं, शिडी लावलेली, आणि अँब्युलिफ्ट, म्हणजे व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, दुसऱ्या विमानाला गेलेली. लोडर मुलं मनाने चांगली. “आंटी, दो मिनट में ऊपर पहुँचा देंगे,” म्हणत पुढे झाली.

काकूंनी माझा हात धरला. “नको गं. मागे एकदा असंच उचललं होतं. पाय कुठे घासला मला कळलाच नाही. घरी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. मी थांबते.”

मग मीही थांबायचं ठरवलं. उशीर आमच्या खात्यावर लागणार होता, लागू दे. कॅप्टनला सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. बाकीचे प्रवासी डावीकडच्या शिडीने चढले. एकोणीस मिनिटांनी अँब्युलिफ्ट आली आणि उजवीकडच्या दाराला लागली.

सीटही बदलावी लागली. पहिली रांग दिली होती, पण तिथे ट्रे हातटेक्यातच असतो, त्यामुळे हातटेका वर होत नाही. माणसाला त्यावरून उचलून न्यावं लागतं. चौथ्या रांगेत बिजागरीखालचा खटका दाबला की हातटेका उठतो.

विमानातल्या मधल्या वाटेतून जाणारी अरुंद आइल चेअर सीटला लावली आणि विचारलं, “काकू, कसं उचलायचं ते तुम्हीच सांगा.” एकाने मागून काखेत हात घालायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. “आणि पाय कुठे जातायत ते बघा, मला कळत नाही.” त्यांच्या खुर्चीतली जेलची गादी आधी सीटवर ठेवली. नुसत्या सीटवर बसलं तर कातडीला जखम होते, आणि ती भरायला महिने जातात. खुर्चीला ‘विमानाच्या दाराशीच द्यावी’ असा टॅग लावला, पुण्याला फोन केला.

दार बंद झाल्यावर त्यांचं परतीचं बुकिंग उघडलं. तिथेही ‘आर’च होता. ‘सी’ केला, आणि शेऱ्यात लिहिलं: पायांना संवेदना नाही, अँब्युलिफ्ट लागेल, पहिली रांग देऊ नये.