कुठलं पाटील?

आत्याचा तानपुरा पंधरा-सोळा वर्षं माळ्यावर पडून होता. लेकीने गाण्याचा क्लास लावला आणि ॲपवरच्या तानपुऱ्याने तिचं आठवडाभर छान भागलं, पण घरात खरा असताना मोबाईल कशाला असं बायकोने म्हटलं आणि तो खाली उतरवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. भोपळ्याला बारीक चीर गेलेली, एक खुंटी गायब, तारांना गंज. पुण्यात चौकशी केली तर ज्याला विचारावं तो म्हणे मिरजेला न्या. मग एका शनिवारी आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून (गवसणी उंदरांनी खाल्लेली) स्वारगेटवरून एसटीत बसलो.

कंडक्टरने आधी त्या गाठोड्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "वीणा का?" म्हटलं तानपुरा. "वारकरी दिसत न्हाई तुमी," एवढं बोलून लगेजचं तिकीट फाडलं. कराडला एक आजी चढल्या, पंच्याहत्तरीच्या वरच्या, म्हणजे तिकीट फुकट, पण आधार कार्ड दाखवताना त्यांनी कंडक्टरला त्याचं गाव विचारून घेतलं. नंतर माझा नंबर.

"गाव कुठलं म्हणायचं?"
"मूळ तासगावकडचं."
"आडनाव?"
"पाटील."
"म्हंजी कुठलं पाटील?"

इथे सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हसू येईल, कारण पुण्यात आडनाव सांगितलं की विषय संपतो, आपल्याकडे तिथून सुरू होतो. पाटील मराठ्यात आहेत, जैनात आहेत, लिंगायतात आहेत. गावची पाटीलकी ज्याच्या घरात त्याचं आडनाव पाटील, त्यामुळे नुसत्या पाटीलवरून जात कळत नाही आणि आजींची पंचाईत होते. मी मुद्दाम "तासगावचे पाटील" म्हणून सोडून दिलं. आजी पण काय कमी नाहीत. पेठ नाका सोडल्यावर म्हणाल्या, "घरी मटण खातायसा काय?" म्हणजे बघा, सरळ रस्ता बंद असला की बांधावरून. मी खातो म्हटलं, त्यांनी मान हलवली, अर्धा हिशोब लागला असावा. मग पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. तिरका प्रश्न आणि चिक्की एकाच हाताने येते, त्यामुळे राग तरी कशाचा धरायचा. पण हेही खरं की उत्तर त्यांना नको असलेलं निघालं असतं तर चिक्की आली असती का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीत पोचलो तर दुपारचे दोन. हे आडनाव मला लहानपणापासून फार आवडतं, अर्धं सतार अर्धं इंग्रजी. मूळचे हे लोक शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. पुढे संस्थानी काळात हत्यारांचं काम कमी होत गेलं तशी हातातली हत्यारं तीच ठेवून माणसं वाद्यांकडे वळली, फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. २०२४ साली इथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. खायचे नव्हेत हे, कडू असतात, वर्ष वर्ष वाळवतात.

दुकानातले चाचा साठीच्या आसपासचे. नऊवारी सोडली, भोपळ्यावर बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न, "गाणार कोण? पट्टी कुठली?" म्हटलं मुलगी, पेटीवरची काळी चार. सकाळपासून मला आडनाव सोडून काहीतरी विचारणारा हा पहिला माणूस, मी मनातल्या मनात एकदम भारावून वगैरे गेलो.

चीर भरली, खुंटी बसवली, नव्या तारा चढवल्या. मग जवारी. हे काम बघण्यासारखं असतं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासायचा, इतका की घासलंय हे डोळ्याला दिसत नाही, फुंकर मारायची, तार छेडायची, परत घासायचं. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा एक केसभर मागे, ठक्क आवाज. केसभर पुढे, तरी ठक्क. आणि मध्येच एका जागी तार अशी काही बोलायला लागते की दुकानात अजून कोणी माणूस आल्यासारखं वाटतं. चाचा मान खाली घालून ऐकत होते, म्हणाले, "खुलली."

तार मुरेपर्यंत दोन तास थांबा म्हणाले म्हणून मीरासाहेब दर्ग्यात जाऊन बसलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथे आहे, १९३७ साली गेले ते, उरुसात त्यांच्या स्मृतीत गाणं-बजावणं होतं. आणि त्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवायचा मान चर्मकार समाजाचा. ज्यांना कित्येक गावांत देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या गलेफाशिवाय इथला उरूस सुरू होत नाही. मी तिथे बसून मिरजेबद्दल फारच थोर थोर विचार करत होतो.

परत दुकानात आलो, पैसे दिले, बिलावर नाव लिहिताना चाचांनी पेन थांबवलं.

"पाटील... म्हंजे कुठले पाटील?"

मी हसायलाच लागलो. ते पण हसले. "न्हाई, आमच्यात पण पाटील हायत, म्हणून इचारलं."

परतीच्या एसटीत शेजारी एक कॉलेजचा पोरगा, कानात हेडफोन, सांगलीपासून इस्लामपूरपर्यंत एक शब्द नाही. आधी बरं वाटलं. आष्ट्याला त्याने खिडकी लावली, मी थँक्यू म्हटलं, त्याने नुसती मान हलवली. मांडीवर तानपुरा आडवा, रस्त्याच्या खड्ड्याला आतली तार मधूनच झणझणायची, तेव्हा तो गाठोड्याकडे बघायचा आणि परत मोबाईलमध्ये. कराड जवळ आलं तसं माझ्याच्याने राहवेना. त्याने हेडफोन काढून बॅगेत ठेवले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाव कुठलं म्हणायचं?"