'दोउ' म्हणजे सगळं, शिवाय 'सुद्धा'पण

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूत राहायला आल्यापासून माझ्या तोंडी सतत असणारा चिनी शब्द म्हणजे 'दोउ'. गंमत अशी, की तो शहराच्या नावातच लिहिलेला आहे. चेंगदूमधलं 'दू' आणि हा 'दोउ', अक्षर एकच. 'दू' वाचलं की नगर, 'दोउ' वाचलं की सगळे.

इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्यांना हा शब्द छळतो, कारण तो नामाच्या आधी बसत नाही, पुढे सरकून क्रियापदाजवळ येतो. आपल्याला त्यात काय नवल? 'वोमन दोउ छ्यू', आम्ही सगळे जातो. 'ही पुस्तकं मी सगळी वाचली' हे चिनीतही याच क्रमानं म्हणतात. प्रश्नार्थक शब्दांचंही तेच. 'शेइ' म्हणजे कोण, पुढे 'दोउ' आला की कोणीही. 'नार' म्हणजे कुठे, 'नार दोउ' म्हणजे कुठेही. आपला 'ही' तरी दुसरं काय करतो!

शाकाहारी माणसाला सिचुआनमध्ये या शब्दाशिवाय जेवण मिळणं कठीण. तिथली परतलेली फरसबी दिसायला अगदी आपल्यासारखी, पण मिरच्यांच्या आड बहुतेकदा डुकराचा खिमा असतो. मापो तोफू या तिखट सोया-पनीरच्या पदार्थातही खिमा. नुसतं 'मी मांस खात नाही' म्हटलं, तर खानावळीची मालकीण म्हणते, "थोडासाच आहे!" म्हणून 'शन्म रोउ दोउ बू छ्र', कसलंच मांस खात नाही. तरी ती अंड्याकडे बोट दाखवतेच. मग 'ल्येन जीदान दोउ बू छ्र', अंडंसुद्धा नाही. एवढं झालं की ती मुकाट्यानं कढई धुवायला घेते.

इथे 'दोउ'चा अर्थ 'सुद्धा' झाला. घड्याळाबाबतही तसंच. 'दोउ बा द्येन ल!', आठ वाजलेसुद्धा! सुरातला वैतागही तोच, आईनं दारातून हाक मारल्यासारखा.

नकार, म्हणजे 'बू', मात्र जपून वापरावा लागतो. 'दोउ बू' म्हणजे एकही नाही, 'बू दोउ' म्हणजे सगळेच नाहीत. ऑफिसात दर नवा माणूस विचारतो, भारतीय सगळे शाकाहारी ना? 'बू दोउ श्र', सगळेच नाहीत. शब्द उलटे पडले, तर अख्खा देश मांसाहारी ठरायचा, आणि आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकू माझ्याशी बोलणं टाकायच्या.