शिटीचं वजन

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छताला तूरडाळ चिकटली. कुकरची सेफ्टी उडाली. ही म्हणाली, "अहो, जन्मभर कारखान्याचा बॉयलर सांभाळलात, आणि घरातला एवढासा कुकर सांभाळवेना?"

काय बोलणार! साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो मी. २१ किलोचं प्रेशर, खाली चिपाडाची आग, गाळप हंगामात रात्रपाळ्या. सेफ्टी वाल्व्हच्या सीलला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आणि त्या दिवशी कुकर लावला होता मीच. शिटीखालच्या भोकात डाळीचं साल अडकलेलं, ते उजेडात धरून न बघताच झाकण लावलं.

स्टुलावर उभा राहून छत पुसताना डेनिस पापिन आठवला. ट्रेनिंगच्या वेळी आमच्या सरांनी सांगितलं होतं त्याच्याबद्दल. फ्रान्समधल्या ब्लुआचा हा माणूस. पॅरिसला हायगेन्स या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, मग लंडनला रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाच्या हाताखाली राबला. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या मंडळापुढे, जाड धातूचं, झाकण आवळून बंद करायचं भांडं मांडलं. कशासाठी? हाडं शिजवायला. हाडांतलं सत्त्व निघालं तर गरिबाच्या पोटात जाईल, हा हिशोब. १२ एप्रिल १६८२ ला सोसायटीच्या मंडळींनी त्यात शिजलेलं जेवणही केलं. त्यांच्यातल्याच जॉन एव्हलिनने डायरीत लिहून ठेवलंय की बैलाची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती.

पण बंद भांडं काय, कुणीही करेल. पापिनचं खरं डोकं चाललं ते झाकणातल्या भोकावर. भोकावर झडप, झडपेवर आडवा दांडा, दांड्याला वजन. वाफेचा जोर वजनाला भारी पडला की झडप उचलणार, जास्तीची वाफ बाहेर. पुढे बॉयलरवर आले ते लिव्हर वाल्व्ह याच घराण्यातले.

कुकरच्या शिटीत दांडा गेला, वजन तेवढं उरलं. खात्री करायला मी आमची शिटी काट्यावर ठेवली. ९२ ग्रॅम. भोक साडेतीन मिलिमीटरचं. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला किलोभर जोर येतो. तेवढ्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर गळते. पेन्शनर माणसाला असले उद्योग सुचतात.

१६९० मध्ये पापिनने सिलिंडरमध्ये वाफ करून दट्ट्या वर चढवला आणि ती थंड करून खाली आणला. वाफेच्या इंजिनाचं नाव निघालं की लोक जेम्स वॅटपाशीच थांबतात, याचा मला राग येतो. पापिनची अखेर लंडनमध्ये गरिबीत झाली.

आता रोज सकाळी मी भोकात सुई घालून बघतो. हिच्याशी वाद एकच, शिट्या मोजण्यावरून. माझं म्हणणं, पहिली शिटी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. परवा पापिनचाच दाखला दिला. आतली उष्णता कळावी म्हणून तो झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडेपर्यंत लंबकाचे झोके मोजायचा.

ही कणीक मळत होती. म्हणाली, "म्हणजे तोही मोजतच होता की. वरणाला माझ्या तीनच."