इनारीच्या तळ्याकाठी

फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या इवालो विमानतळापासून इनारी गाव सुमारे 50 किलोमीटरवर. सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्चची झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि मधूनमधून इनारी तळं दिसत राहतं. तळं कसलं, 3000 हून जास्त बेटं पोटात घेतलेला समुद्रच तो. सामी हे उत्तर युरोपातले मूळनिवासी; त्यांच्यातल्या, या तळ्याच्या काठाने मासेमारी करत जगलेल्या लोकांची भाषा म्हणजे इनारी सामी. ती बोलणारे आज जेमतेम 400 असतील.

गावातल्या सरकारी पाट्या चार भाषांत दिसतात, कारण तालुक्याचा कारभारच फिनिश आणि तीन सामी भाषांत चालतो. बघून बरं वाटतं. पण इथवर येण्याआधी इनारी सामीची फार दैना झाली. 1920च्या स्पॅनिश फ्लूने आधीच मूठभर असलेल्या समाजातली कितीतरी माणसं नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं वसतिगृहाच्या शाळांत गेली, तिथे सगळं फिनिशमध्ये. तीच मुलं आईबाप झाल्यावर घरातही फिनिश बोलू लागली. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? आपण सोसलं ते पोरांच्या वाट्याला नको, असंच कुणालाही वाटेल.

1997 साली अनाराश्किएला सेर्वी या भाषासंस्थेने ‘भाषेचं घरटं’ सुरू केलं. कल्पना न्यूझीलंडच्या माओरींची. तशी ही बालवाडीच, पण आत आलेल्या मुलाशी बोलायचं ते फक्त इनारी सामीत. भरवताना, बूट घालताना, रडणाऱ्याची समजूत काढतानासुद्धा. मुलं बोलू लागली. आजी-आजोबांना भाषा येतच होती; मधली पिढी मात्र कोरी. मग या मुलांना पुढे शिकवणार कोण?

त्यावर त्यांनी जे केलं त्याला मी मनापासून दाद देते. 2009-10 मध्ये भाषाशास्त्रज्ञ मार्या-लीसा ओल्टहुइस यांच्या पुढाकाराने 17 मोठी माणसं वर्षभर पूर्णवेळ ही भाषा शिकली. वर्गात तर शिकलीच, शिवाय गावातल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर स्वयंपाक करायचा, मासे धरायचे, आणि बोलायचं ते त्यांच्याच भाषेत. त्यातूनच पुढे शिक्षक, बालवाडीच्या ताई, पत्रकार तयार झाले. भाषा वाचवायची म्हणजे नुसतं शब्दकोश छापून भागत नाही, हे त्यांनी वेळेत ओळखलं.

अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत प्रकाश, बघायला लॅपलंडला, म्हणजे फिनलंडच्या या उत्तर भागात, जाणार असाल, तर इनारीसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा. आधी सीडा हे सामी संग्रहालय बघा, मग चालतच सायोसला जा. 2012 साली उघडलेल्या या इमारतीत सामी संसद आहे आणि वाचनालयही. तिथे सामी भाषांतली पुस्तकं मी बराच वेळ चाळत बसले होते. मुलांच्या पुस्तकांचं कपाट चुकवू नका.